जुन्या बँकेच्या विमलअक्का

श्रावणाच्या तोंडावर चोपड्यातली एखादी बाई "बँकेत जाऊन येते" म्हणाली, तर तिला पासबुक घेतलं का, असं विचारू नये. ती पैसे काढायला नाही, देवी काढायला चाललेली असते. आणि ज्या बँकेत ती जाते तिथे बँक नाही. बँक केव्हाच बसस्टँडजवळच्या काचेच्या इमारतीत गेली. पण गावाच्या तोंडातून शब्द काही जात नाही. रिक्षावाल्याला "नव्या बँकेत" असं स्पष्ट सांगितलं नाही, तर तो तुम्हाला निमूटपणे जुन्या बँकेच्या पायऱ्यांशी आणून सोडतो आणि वर भाडंही घेतो.

त्या पायऱ्या चढल्या की विमलअक्का दिसायच्या. आता दिसत नाहीत. गेल्या थंडीत त्या गेल्या. तरी मी अजून दाराशी गेलो की खिशातून हात बाहेर काढतो. खिशात हात घालून बँकेत शिरलेला माणूस त्यांना खपत नसे. "काय भाऊ, थंडी वाजते का चोरी केली?" असं त्या समोरून विचारायच्या, आणि तेही हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांना हळू बोलता येत नव्हतं. शिकवलंही नसावं कुणी.

मी धुळ्याचा. बँकेत अधिकारी म्हणून बदली होऊन चोपड्याला आलो तेव्हा अक्का तिथे लॉकर आणि स्ट्राँगरूम सांभाळत होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, हुद्द्याने बरोबरीच्या, आणि अधिकाराने मॅनेजरच्या वर. रुंद अंगाच्या, कपाळावर बारीक गोंदण, दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पती तरुणपणीच गेलेले, मूलबाळ नाही. त्यांच्या जागेवर नोकरी लागली आणि त्या या इमारतीत शिरल्या, त्या शिरल्याच. ऑफिसात अगदी शुद्ध बोलायच्या. राग आला किंवा माया आली की गाडी अहिराणीवर यायची. त्यामुळे अहिराणी सुरू झाली की पहिलं वाक्य संपेपर्यंत आपल्याला शिवी मिळतेय की जेवण, ते कळत नसे.

पहिल्याच दिवशी मी पाहिलं, की आत येताना अक्कांनी दाराजवळच्या पहिल्या खांबावर दोनदा थाप मारली. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. आणि म्हणाल्या, "काय रे, बरा शे ना?" मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. शिपाई म्हणाला, "साहेब, त्या बँकेला विचारता."

आता ही बँक कशी आहे ते सांगायला हवं, नाहीतर अक्का समजायच्या नाहीत. कापसाचा भाव चढा होता त्या काळात गावच्या व्यापाऱ्यांनी मिळून ती बांधली. काळ्या दगडाचं उंच जोतं, वर चुन्यातलं विटकाम, समोर कमानींचा ओटा. आत मोठा चौकोनी हॉल, त्याच्या तिन्ही बाजूंनी खांब आणि खांबांवर कमानी, म्हणजे प्रत्येक दोन खांबांमध्ये एक ओवरीसारखी जागा. वर लाकडी कठड्याची माडी. आणि हॉलच्या बरोब्बर मधोमध छपराला काचा. त्यातून उन्हाचा एक मोठा चौकोन खाली पडतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत रंगीत फरशीवरून सरकत राहतो. समोर सागवानी काउंटर, त्यावर पितळी जाळी, जाळीला हात जाईल एवढ्या खिडक्या. मागे स्ट्राँगरूम. तिच्या भिंती एवढ्या जाड, की मे महिन्यात चोपड्याचा तवा तापलेला असताना आत गेलं तर अंगावर काटा यावा. खांबांच्या डोक्यावर कमळं नाहीत, कापसाची बोंडं आहेत. फुटलेली, पांढरी. कारागिराने फक्त एका खांबावर एक बोंड मिटलेलं ठेवलंय. नवा माणूस आला की अक्का त्याला मान वर करायला लावून ते मिटलेलं बोंड दाखवायच्या. "का ठेवलं असेल?" असं विचारलं तर म्हणायच्या, "पुढच्या वर्षासाठी."

अक्कांच्या टेबलावर घड्याळ नव्हतं. तो उन्हाचा चौकोन तिसऱ्या खांबाच्या पायाला लागला की त्या उठायच्या आणि डबा उघडायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. डब्याचं झाकण उघडताच आमचं सगळं ऑफिस हातातली कामं टाकायचं. हे बेशिस्त वर्तन आहे, असं एका मॅनेजरने म्हणून पाहिलं. अक्कांनी त्याच्या पुढ्यात अर्धी भाकरी ठेवली. ठेच्याने त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, पण शिस्तीचा विषय पुन्हा निघाला नाही.

एकदा मुख्य कार्यालयातून एक इंटिरिअरवाले आले. तरुण, हुशार, हातात टेप. हॉलला खालून पीओपीचं छत करायचं, एसी बसवायचा, त्या जुनाट काचा झाकून टाकायच्या, असा बेत. चित्रं छान काढली होती त्यांनी, मला तरी आवडली. ते समजावून सांगत होते तेवढ्यात वीज गेली. उन्हाळ्यात जायचीच. पण गंमत अशी, की हॉलमधलं एकही माणूस हललं नाही. लिहिणारे लिहीत राहिले, सही करणारे सही करत राहिले. अंधार पडला तो फक्त त्यांच्या लॅपटॉपवर. अक्का शांतपणे म्हणाल्या, "साहेब, लाईट तुमची गेली. आमची आहे." बिचारे मनापासून हसले आणि जाताना काचांचे फोटो काढून घेऊन गेले. त्या काचा वाचल्या.

त्यांचं एक वाक्य होतं. "पाठीला भिंत आणि डोक्यावर उजेड असला, की माणूस खोटं कमी बोलतो." खरं होतं की काय, देव जाणे. पण त्या हॉलमध्ये मी फार भांडणं पाहिली नाहीत. काचेच्या नव्या इमारतीत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात दोन पाहिली.

तर, बँक हलली. अक्का त्याच सुमारास निवृत्त झाल्या. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आल्या, पेढा घेतला, एसीच्या वाऱ्यात पदर घट्ट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यासारखं छान आहे."

जुनी इमारत आमच्या बँकेची नव्हतीच, भाड्याची होती. ती बांधणाऱ्या व्यापाऱ्यांचं एक मंडळ अजून आहे, आणि मंडळ म्हणजे तात्या. तात्यांचं कापडाचं दुकान. माणूस देवभोळा, पण व्यवहाराला पक्का. रिकामी इमारत त्यांना रिकाम्या कपाटासारखी खुपायला लागली. मग तिच्यात काय काय झालं विचारू नका. आधी स्पर्धा परीक्षांचा क्लास. पोरं माडीवर बसून पाठांतर करायची आणि सागवानी कठड्यावर पेनाने आपली नावं कोरायची. मग निवडणुकीचं कार्यालय. त्यात कुठल्या तरी कार्यकर्त्याने त्या मिटलेल्या बोंडाला खिळा ठोकून झेंडा बांधला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एका केळीवाल्याने स्ट्राँगरूम भाड्याने घेतली. थंड जागा, बंद दार, केळी पिकवायला आणखी काय पाहिजे? जिथे गावाचं सोनं ठेवलं होतं तिथे आता घड रचले गेले. आमच्याकडे केळी म्हणजे सोनंच, हे मान्य. तरीपण.

अक्का रोज संध्याकाळी देवळात जाताना मुद्दाम त्या रस्त्याने जायच्या. एक दिवस त्यांना पिकल्या केळ्यांचा वास आला. तशाच पायऱ्या चढल्या, खांबावर थाप मारली आणि स्ट्राँगरूमच्या दारात उभ्या राहिल्या. केळीवाला म्हणाला, "अक्का, खाऊन तर पाहा." अक्कांनी एक केळं सोललं, खाल्लं, साल त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "गोड शेत. पण आठे नको." गोड आहेत, पण इथे नको. आणि तिथून थेट तात्यांच्या दुकानात.

त्या दिवशी तात्यांशी काय बोलणं झालं ते मला अक्कांनीच सांगितलं, त्यामुळे त्यात थोडा मीठमसाला असणारच. पण त्यासाठी आधी कानबाई सांगितली पाहिजे. आम्हा खानदेशातल्या लोकांना ती सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. साधा नव्हे, आजेसासूच्या आजेसासूपासून घरात चालत आलेला. त्याला डोळे, नथ, शेला, सगळा साज. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आणि रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला देत नाहीत, जवळच्या मित्रालाही नाही. सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर जायचं, स्नान घालायचं आणि नारळ परत घरी आणून वर्षभर जपून ठेवायचा.

माझ्या घरी कानबाई नाही. वडील बाहेरून धुळ्याला नोकरीला आलेले. लहानपणी शेजारच्या घरातून रोटाचा वास यायचा आणि मला कुणी द्यायचं नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

आता अडचण अशी झाली, की गावची अर्धी घरं सुरतेला, नाशिकला, पुण्याला पांगली. इथली घरं विकली नाहीतर कुलूप लागलं. तिकडे फ्लॅट दोन खोल्यांचा. त्यात देवी मांडायची कुठे, भाऊबंद बसवायचे कुठे, आणि रात्रभर गाणी म्हटली तर खालचे लोक वॉचमन पाठवणार. कुणी नारळ बंद घरात ठेवून गेलं, तो उंदरांनी खाल्ला. अक्का म्हणाल्या, "तात्या, स्ट्राँगरूममधलं ते भिंतीतलं लोखंडी कपाट बँकेला नेता आलं नाही. त्याचे खण रिकामे पडले आहेत. मला द्या. ज्यांची घरं बंद आहेत त्यांच्या कानबाया मी सांभाळते. आणि श्रावणात हॉल द्या. कमानीकमानीत एकेक घर मांडू."

तात्या म्हणाले, "अक्का, मी तिथे गाळे काढणार होतो. मोबाईलवाले मागे लागलेत."

"काढा ना. मी कुठे नाही म्हणते? पण ह्या वर्षी माझी कानबाई मी तिथे बसवते. माझ्या एकटीच्या घरात तिला करमत नाही."

तात्यांच्या लक्षात यायच्या आत मुंगूस बिळात शिरलं होतं. आमच्याकडे बसलेली देवी उठवत नाहीत. एका जागी कानबाई बसायला लागली की दरवर्षी तिथेच बसते. तात्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "ठीक आहे. जोवर तुमची कानबाई तिथे बसते तोवर हॉल बायकांचा. ज्या वर्षी ती बसणार नाही, त्या वर्षी मी गाळे काढीन. मग रडायचं नाही."

"रडेल ती दुसरी," अक्का म्हणाल्या.

तो पहिला श्रावण मी पाहिला. खांबाखांबाला जुन्या साड्या बांधून प्रत्येक ओवरीचं एक घर केलेलं. कमानीवरून फुलांची माळ, खाली चौरंग, आणि चौरंगावर आपापली देवी. मागच्या ओट्यावर चुलींची रांग. ज्यांची घरं विकली गेली होती त्या बाया त्या चार-पाच हात रुंद जागेत अशा वावरत होत्या, जशी काही सासऱ्याने वाटणीत दिलेली ओसरी. मधल्या मोकळ्या फरशीवर पोरं उन्हाच्या चौकोनात उड्या मारत होती. ती इमारत बँक म्हणून मी रोज पाहिली होती. एवढी भरलेली कधी पाहिली नव्हती.

नारळ द्यायचे-घ्यायचे ते अक्का काउंटरच्या मागे बसून, पितळी जाळीच्या खिडकीतून. सवय! चष्मा नाकावर, समोर रांग. प्रत्येक नारळ त्या घरच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. अक्का कापड बघून ओळखायच्या. चिठ्ठी नाही, नंबर नाही. मी म्हटलं, "अक्का, खणांवर निदान आडनावं तरी चिकटवा." म्हणाल्या, "देवीला टोकन देता का, भाऊ?" केळ्यांचा वास मात्र त्या कपाटातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही. बाया नारळ नाकाशी नेऊन हसायच्या. "माय वं, मनी कानबाई केळं खाईसन उनी!" माझी कानबाई केळं खाऊन आली!

आणि एका श्रावणात घात झाला.

सुशीलाबाई आणि मंगलाबाई, दोन घरच्या कारभारणी. एक घर सुरतेला, एक नाशिकला. सुशीलाबाईंच्या मुलाची आणि मंगलाबाईंच्या मुलीची सोयरीक ठरली होती, साखरपुडा झाला, आणि मग मोडली. कारण काय ते प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून मी सांगत नाही. दोन्ही घरांचं बोलणं बंद. बँकेतही एक या टोकाच्या कमानीत, एक त्या टोकाच्या. पण साखरपुड्याला दोन्ही विहिणींनी एकाच ठाणाची हिरवी लुगडी घेतली होती. सोयरीक मोडली, आता ते कोण नेसणार? दोघींच्याही मनात एकच आलं. दोघींनीही ते फाडलं आणि देवीला गुंडाळायला वापरलं. सांगितलं दोघींनीही कुणाला नाही.

अक्कांनी हिरवं कापड बघितलं आणि नारळ दिला. दुसरं हिरवं बघितलं, दुसरा दिला. देवी बसली, आहे त्या शेल्यावरूनच शृंगार झाला, आरत्या झाल्या, रोट खाल्ले. सोमवारी नदीवर स्नान घालताना सुशीलाबाईंच्या सासूबाईंनी नारळाचा शेला सोडला आणि किंकाळी फोडली. "हाई आपली नही!" त्यांच्या नारळाला एका अंगाला बारीक चीर होती. याला नव्हती.

मग काय सांगू! ओल्या साड्यांनी, देवी डोक्यावर घेऊन, दोन्ही घरं भांडत भांडत बँकेत आली. मी तेव्हा रजा घेऊन निवांत पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो, तो पेपर कुठे गेला कळलं नाही. आमच्या देवीने त्यांच्या घरचं अन्न खाल्लं, त्यांच्या पुरुषांच्या नावाच्या रोटावर आमची देवी बसली, वर्ष वाईट जाणार, अक्कांनी मुद्दाम केलं, अक्कांना दिसत नाही. सगळं. अक्कांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग खुर्चीवरून उठून मधोमध, त्या उजेडाच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक मनी शे," त्या म्हणाल्या. "पण आता मला सांगा. तुमची देवी ह्यांच्या रोटावर बसली ना? आणि ह्यांची तुमच्या? रोट कोण खातं?"

सुशीलाबाईंच्या सासूबाईच पुटपुटल्या, "भाऊबंद."

"मग झालं. आजपासून तुम्ही भाऊबंद. देवीने केलं, मी नाही केलं." आणि मग आवाज चढला. "सोयरीक मोडाय जास, माय. भाऊबंदकी मोडाय जात नही!"

आधी मंगलाबाईंना हसू फुटलं. मग सुशीलाबाई रडायला लागल्या, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात. लग्न तर आता होणारच नव्हतं, भाऊबंदांत कसं होणार? पण दुसऱ्या वर्षी दोघींनी मधली साडी सोडून टाकली आणि दोन ओवऱ्यांचं एक घर केलं. त्या मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, आणि मांडवात सुशीलाबाई काकूच्या जागी उभ्या होत्या. मी पुष्कळदा अक्कांना विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?" त्या म्हणायच्या, "मी एवढी हुशार असते तर मॅनेजर नसते झाले?"

आता अक्कांच्या स्वतःच्या कानबाईचं. त्यांच्या घरात पुरुष कुणी नाही. मग रोट कुणाच्या नावाचा? दिरांचा मुलगा प्रकाश सुरतेला असतो, तेवढा एकच. त्याच्या नावाची सव्वा मूठ त्या घालायच्या. आणि मग आणखी एक सव्वा मूठ घालायच्या. ही जास्तीची मूठ कुणाची, असं विचारलं की "आहे एकाची" एवढंच उत्तर. मला वाटायचं, गेलेल्या नवऱ्याची असेल. पण गेलेल्या माणसाची घालत नाहीत, म्हणून बाया मागून कुजबुजायच्या. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

शेवटची दोन वर्षं त्यांना दम लागायचा. पायऱ्या चढताना खांबावर थाप मारायच्या, ती आता आधारासाठी मारताहेत असं वाटायचं. घोर एकच होता. आपल्यामागे कानबाई कोण मांडणार? प्रकाशला त्यात रस नव्हता. वाईट मुलगा नव्हे तो, दर महिन्याला फोन करायचा, औषधं पाठवायचा. पण श्रावणाच्या आधी येऊन म्हणाला, "काकू, मला जमणार नाही हे. माझी बायको तिकडची, तिला यातलं काही माहीत नाही. यंदा शेवटची बसवू आणि तापीमाईत सोडून देऊ. देवी शांत होईल, तुम्हीही सुटाल. माझ्या नावाची मूठ आता घालू नका."

अक्का त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "भाऊ, माझी उठली की तात्या गाळे काढतील. त्यांनी शब्द दिला होता आणि तो माणूस शब्दाचा पक्का आहे. एवढ्या बायांच्या देव्या मी कुठे नेऊ? आणि त्याचं काय होईल?" मी म्हटलं, "कुणाचं?" त्या म्हणाल्या, "जाऊ द्या," आणि गार चहा एका घोटात प्यायल्या. मी काय सुचवणार? माझ्या घरी कानबाईच नाही!

कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळी घरं आली. गहू मोजायची वेळ झाली. अक्का काउंटरमागे आपल्या खिडकीत बसल्या होत्या, पुढ्यात कोरं सूप. प्रकाश बाजूला उभा. तात्याही आले होते, नवी टोपी घालून. पुढच्या वर्षीचं काय, हे त्यांच्याही कानावर गेलेलं. ते सारखे वर काचांकडे बघत होते. मला वाटलं, गाळ्यांचं माप घेताहेत.

सूप रिकामं होतं. अक्कांचा हात गव्हाच्या डब्याकडे जाईना. कुणाच्या नावाने घालणार?

तेवढ्यात सुशीलाबाई आपल्या ओवरीतून उठल्या. मूठ बांधलेली. सरळ काउंटरशी आल्या, खिडकीतून हात आत घातला आणि अक्कांच्या सुपात गहू सोडले. "मना आंडोरनी," म्हणाल्या. माझ्या मुलाची. त्यांच्या मागे मंगलाबाई. "ही आमच्या ह्यांची." अक्का बघतच राहिल्या. "अवं, तुम्ही काय मना भाऊबंद शेत का?"

सुशीलाबाई म्हणाल्या, "तुमच्याच कपाटात आमच्या देव्या वर्षभर एकमेकींना खेटून राहता, अक्का. मग आम्ही कोण?"

झालं! साड्यांचे पडदे बाजूला झाले आणि काउंटरसमोर रांग लागली. मी त्या खिडकीशी उभं आयुष्य रांगा पाहिल्या, पण असली नाही. बाया मुठी घेऊन उभ्या, आणि अक्का आतून सूप पुढे धरून बसलेल्या, चष्मा गळ्यात लोंबतोय, डोळ्यांतून धार लागलेली आणि तोंडाने चालूच, "अवं ढकलू नका. हळू. मी आजून जित्ती शे." रांगेच्या शेवटी प्रकाश उभा राहिला. त्याने खाली मान घालून आपली मूठ सोडली. "असू द्या माझीपण, काकू."

मग अक्कांनी मान वाकडी करून खिडकीतून बाहेर पाहिलं. "तात्या!"

तात्या दचकले. "मी? मी कसा काय?"

"कपाट तुमचं, खांब तुमचे, छप्पर तुमचं. त्याच्याखाली देवी बसते. तुम्ही बाहेरचे कसे?"

सगळा हॉल तात्यांकडे बघत होता. तात्यांना कळत होतं. मूठ घातली की भाऊबंद झालो, आणि भाऊबंदाच्या देवीला उठवून गाळे कसे काढणार? पक्का व्यवहारी माणूस! त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पुढे आले, बायांनी त्यांच्या ओंजळीत गहू दिले, आणि त्यांनी ते खिडकीतून सुपात सोडले. "जिंकलात, अक्का," म्हणाले. आवाज मात्र हरल्यासारखा नव्हता.

मग अक्कांचं बोट माझ्याकडे वळलं. "भाऊ, तुम्हाला वेगळं सांगायचं का?" मी गेलो. खिशातून हात बाहेर काढला, बायांनी दिलेले गहू मुठीत घेतले आणि त्या खिडकीतून सुपात सोडले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या आयुष्यातला पहिला रोट खाल्ला. त्याची चव मी कुणाला सांगणार नाही, ती भाऊबंदांपुरती आहे.

सूप भरलं. आता दळायला न्यायचं, तर अक्का "थांबा" म्हणाल्या आणि काउंटरमागून बाहेर आल्या. डब्यातून स्वतः सव्वा मूठ गहू घेतले आणि वरून घातले. तीच, जास्तीची.

तात्या म्हणाले, "आता तरी सांगा अक्का, ही कुणाची?"

अक्का दम खात दारापर्यंत गेल्या. त्या पहिल्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या, त्याच्या अंगावर दोनदा थाप मारली, आणि लग्न झालेली पोर नवऱ्याचं नाव घेताना लाजते तसं लाजून म्हणाल्या,

"ह्याची. जन्मभर ह्याच्याच घरात तर राहिले."